प्रोटेक्शन व्हिसा नाकारला गेला तर रिव्ह्यूची तयारी (ऑस्ट्रेलिया)

प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे मायदेशात जिवाला धोका आहे म्हणून मागितलेला आश्रयाचा व्हिसा, त्याच्या नकाराचा ईमेल आला की सगळ्यात आधी त्याच्यावरची तारीख लिहून घ्या. तुम्ही तो कधी उघडला याला काही अर्थ नाही, ईमेल ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तुम्हाला मिळाला असं कायदा धरतो, आणि तिथून 28 दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे, म्हणजे एआरटीकडे, रिव्ह्यूचा (फेरविचाराचा) अर्ज गेलाच पाहिजे. डिटेन्शनमध्ये असाल तर मुदत याहून कमी असते, ती पत्रात दिलेली असते. (एआरटीच्या आधीचं ट्रायब्युनल, एएटी, ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालंय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून फॉर्म शोधत बसू नका.) मुदत एका दिवसाने जरी हुकली तरी ट्रायब्युनलला ती वाढवून देता येत नाही, उशिराचं कारण कितीही खरं असो. म्हणून पुरावे जमेपर्यंत थांबायचं नाही, आधी अर्ज टाकायचा, कागद मागाहून. मूळ अर्जात बायकोमुलांची नावं होती तर इथेही प्रत्येकाचं नाव घाला. अर्जाबरोबर फी भरावी लागत नाही, हरलात तर लागते. पोच सेव्ह करून ठेवा.

मग व्हीवोवर (VEVO, व्हिसा तपासायची सरकारी वेबसाइट) जाऊन आपल्या ब्रिजिंग व्हिसाच्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत इथे राहायला मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाच्या, अटी बघा, काम करता येतं का ते नीट वाचा. आणि घरून कितीही फोन आले, कोणी आजारी असलं, तरी वकिलाला विचारल्याशिवाय भारतात जायचं नाही. ब्रिजिंग व्हिसा ए वर देश सोडला की तो संपतो, आणि जिथे जिवाची भीती आहे म्हणताय तिथेच जाऊन आलात तर पुढे कोण विश्वास ठेवणार?

आता खरं काम. नकाराच्या पत्रासोबत डिसिजन रेकॉर्ड येतो, तो प्रिंट करा आणि ऑफिसरने जिथे जिथे तुमचं म्हणणं मानलं नाही त्या प्रत्येक पॅराला नंबर घालून समोर आपलं उत्तर लिहा. भारतातल्या केसेसमध्ये बहुतेकदा तीन गोष्टी निघतात, तुमच्या सांगण्यात मेळ नाही, तुम्ही दुसऱ्या राज्यात जाऊन राहू शकला असता, आणि पोलीस संरक्षण देऊ शकतात. समजा आंतरजातीय लग्नामुळे जात पंचायतीने वाळीत टाकलंय आणि मारायच्या धमक्या येतायत. तर समोरून येणारच की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, मग तक्रार का नाही केली? केली असेल तर कॉपी लावा, आणि पोलिसांनी एफआयआर न घेता नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवलं असेल तर ती एनसीसुद्धा लावा, तोच तुमचा पुरावा आहे. पुणं सोडून बंगळुरूला गेलो तरी तिथे माणसं शोधत आली, असं काही घडलं असेल तर कधी, कुठे, कोणी पाहिलं ते सगळं लिहा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर नाटी (NAATI, ऑस्ट्रेलियात भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणारी संस्था) सर्टिफाइड माणसाकडूनच करून घ्या.

नवीन पुरावा चालतो, ट्रायब्युनल सगळं नव्याने बघतं. पण जी गोष्ट आधी सांगितलीच नव्हती ती आता काढली आणि उशिराचं पटेल असं कारण दिलं नाही, तर ते तुमच्या विश्वासार्हतेवर जातं. बलात्कार, मारहाण, समलिंगी असणं अशा गोष्टी माणूस पहिल्या इंटरव्ह्यूत अनोळखी माणसासमोर बोलू शकत नाही, हे अगदी समजण्यासारखं आहे, तेच स्टेटमेंटमध्ये स्पष्ट लिहा, डॉक्टरचं किंवा कौन्सेलरचं पत्र असेल तर जोडा. व्हिसा नाकारणाऱ्या डिपार्टमेंटच्या इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग एफओआयखाली (तिथल्या माहिती अधिकाराखाली) मागवा आणि पूर्ण ऐका.

मदत घेताना एजंटचा रजिस्ट्रेशन नंबर तपासा, किंवा तो वकील आहे का ते बघा. "केस टाकून ठेवू, तेवढीच वर्षं मिळतील" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, खोट्या केसेसमुळे खऱ्या माणसांवरचा संशय वाढतो. पैसे नसतील तर सिडनीत आरएसीएस, मेलबर्नमध्ये रेफ्युजी लीगल आणि एएसआरसी, ब्रिस्बेनमध्ये रेल्स (RAILS) या फुकट कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थांना लगेच फोन करा, तिथे गर्दी असते.

हिअरिंगला इंटरप्रिटर फुकट मिळतो, मराठीच मागा, हिंदीवर भागवू नका. हिअरिंग बंद दाराआड असते. मेंबर, म्हणजे केस ऐकणारा ट्रायब्युनलचा माणूस, म्हणाला की अमुक माहिती तुमच्या विरोधात जाऊ शकते, तर तिथल्या तिथे उत्तर द्यायची सक्ती नाही, वेळ मागता येतो. तिथेही नकार आला तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात जायला 35 दिवस असतात, पण कोर्ट फक्त कायद्याची चूक झाली का तेवढंच बघतं, त्यामुळे धमकीचे मेसेज, फोटो, साक्षीदारांची पत्रं सगळी ट्रायब्युनलसमोरच यायला हवीत.