व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा खडूचा फळा कसा बनवायचा

माझे वडील, आम्ही अप्पा म्हणतो त्यांना, शाळेत मास्तर होते आणि रोज परिपाठाच्या आधी फळ्यावर सुविचार लिहायचे, वरती कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर, आणि मधे दोन ओळी अशा वळणदार अक्षरात की पोरं पुसायला कचरायची. रिटायर झाल्यापासून ते ग्रुपवर तयार गुलाबाची चित्रं फॉरवर्ड करतात आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं. म्हणून त्यांच्यासाठी एक वेब पेज केलं, वरच्या डब्यात टाइप करायचं, खाली फळ्यावर खडूने उमटतं, एक बटण दाबलं की चित्र व्हॉट्सॲपवर जातं. थोडं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येत असेल तर दोन-तीन सुट्ट्यांत तुमचंही होईल, फ्रेमवर्क वगैरे काही लागत नाही. कसं केलं ते सांगतो, आणि मराठी अक्षरांपाशी जिथे अडकलो तिथे जास्त वेळ थांबतो कारण ती माहिती मला एका जागी कुठेच सापडली नाही.

आधी लॅपटॉप बंद ठेवा आणि चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने पेज काढा, मोबाइलच्या आकाराचं. आणि कोण वापरणार तो एक माणूस ठरवा, माझ्याकडे अप्पा होते म्हणून निम्मे निर्णय आपोआप झाले: लॉगिन नको, मेनू नको, बटण एकच आणि त्यावर मराठीत "पाठवा". टाइप करायच्या डब्यातला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनवर सफारी त्या डब्यात बोट लावलं की सगळं पेजच झूम करतं आणि मग वयस्कर माणूस गोंधळतो.

आता फळा. हा कॅनव्हासवर, म्हणजे पेजमधल्या चित्र काढायच्या चौकटीत, काढायचा, १०८० बाय १०८० पिक्सेलचा चौरस, चॅटमधे नीट दिसतो. पाठीमागचा रंग ठार काळा घेऊ नका, जुन्या फळ्याला हिरवट राखाडी झाक असते, आणि खडू पांढराशुभ्र नसतो, किंचित पिवळसर असतो, एवढा एक बदल केला तरी चित्र लगेच खरं वाटायला लागतं.

फॉन्ट निवडणं हा माझ्या मते ह्या प्रोजेक्टचा जीव आहे. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे चांगले मोफत फॉन्ट आहेत, मुंबईच्या "एक टाइप" ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम. मी मजकुराला कलम घेतला कारण तो हाताने लिहिल्यासारखा किंचित तिरका आहे, शीर्षकाला बलू. पण निवडण्याआधी प्रत्येक फॉन्टची परीक्षा घ्या, नुसतं "मराठी" लिहून बघण्यात अर्थ नाही. माझी परीक्षेची यादी अशी: हृदय, कृष्ण, रूप, ज्ञान, राष्ट्र, बाळ, ॲप, ऑगस्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची जोडी, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एकीत गुरुजी, दुसरीत स्वयंपाक करणारे, फरक फक्त रफार आणि अर्ध्या ऱ चा, आणि तो जो फॉन्ट धड दाखवत नाही तो मराठीसाठी घेऊच नये. ॲ हे अक्षर युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ ला आलं त्यामुळे जुन्या फॉन्टमधे तिथे चौकोन दिसू शकतो. शेंडीफोड श आणि पाकळीचा ल आपल्या मराठी वळणाचा हवा असेल तर पेजच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे हे सांगणारा लँग हा गुणधर्म लिहा, ज्या फॉन्टमधे दोन्ही रूपं असतात तो त्यावरून मराठी रूप काढू शकतो. टिरो देवनागरी मराठी नावाचा एक फॉन्ट तर मराठीसाठी वेगळाच केलेला आहे, छापील पुस्तकासारखं रूप हवं असेल तर तो बघा.

अजून एक, सीएसएसमधे लेटर-स्पेसिंग वाढवायचा मोह टाळा. इंग्रजी शीर्षकं त्याने छान दिसतात पण आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडके दिसतात.

आता ज्या जागी माझे चार दिवस गेले ती जागा. कॅनव्हासवर पहिल्यांदा मजकूर काढला तेव्हा कलम दिसतच नव्हता, मोबाइलचा साधा फॉन्ट यायचा, आणि एक अक्षर टाइप केलं की मग नीट व्हायचं. कारण असं की कॅनव्हास फॉन्टची वाट बघत नाही, त्या क्षणाला जो हाताशी असेल त्याने काढून मोकळा होतो. म्हणून काढण्याआधी डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट लोड हे फंक्शन बोलवायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत अवेट करायचं. हे केलं तरी माझं चालेना! गूगल फॉन्ट्स एका फॉन्टचे लिपीनुसार तुकडे करून देतं, लॅटिनची फाइल वेगळी, देवनागरीची वेगळी, आणि जी अक्षरं लागतील तेवढीच फाइल उतरते. लोड ह्या फंक्शनला दुसरा पॅरामीटर असतो, नमुन्याचा मजकूर, तो दिला नाही तर ते नुसती एक स्पेस धरतं, म्हणजे देवनागरीची फाइल मागवलीच जात नाही. तिथे "अ" असं एक अक्षर दिलं आणि सगळं सुरळीत झालं. हे नीट लक्षात ठेवा.

दुसरी अडचण अक्षरं तोडण्याची. मला फळ्यावर एकेक अक्षर उमटताना दाखवायचं होतं, जसं अप्पा लिहायचे तसं. सरळ स्ट्रिंगचे तुकडे केले तर "विद्यार्थी" चे दहा तुकडे पडतात, व वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा, आणि पडद्यावर ठिपक्यांच्या गोलाला चिकटलेल्या मात्रा नाचतात. आपण वाचताना मात्र तीनच अक्षरं वाचतो, वि, द्या, र्थी. ह्यासाठी ब्राउझरमधे इंटल डॉट सेगमेंटर हे मजकुराची अक्षरं सुटी करून देणारं साधन आहे, क्रोममधे २०२० पासून, फायरफॉक्समधे २०२४ पासून. पण जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ ला आला, त्यामुळे जुन्या फोनवर "द्" आणि "या" वेगळे मिळतात. माझा उपाय साधा आहे, जो तुकडा हलन्तावर संपतो तो पुढच्या तुकड्याला जोडून टाकायचा, जुन्या-नव्या दोन्ही फोनवर एकच उत्तर येतं (शब्दाच्या शेवटी मुद्दाम पाय मोडलेलं अक्षर असेल, जसं "अर्थात्", तर पुढे स्पेस आहे का ते बघून तिथे जोडू नका). आणि काढताना तुकडे सुटे सुटे शेजारी ठेवू नका, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून तिथपर्यंतचा आख्खा शब्द पुन्हा काढा, तरच शिरोरेषा अखंड राहते.

कॅनव्हास ओळी आपोआप मोडत नाही. स्पेसवर शब्द वेगळे करायचे, मेजरटेक्स्टने रुंदी मोजत जायचं, मावलं नाही की पुढची ओळ. मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांबतात, "विद्यार्थ्यांच्यासारख्यांनासुद्धा" असं काही आलं तर शब्द मोडण्यापेक्षा फॉन्टच लहान करा: ९६ पिक्सेलपासून सुरू करून चार-चारने कमी करत जायचं, सगळं मावेपर्यंत. ओळींमधलं अंतर फॉन्टच्या आकाराच्या १.६ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटतो.

खडूचा पोत मात्र सोपा आहे आणि करायला मजा येते. मजकूर वेगळ्या लपवलेल्या कॅनव्हासवर काढायचा, मग ग्लोबल कंपोझिट ऑपरेशन "डेस्टिनेशन-आउट" करून त्यावर हजारो बारीक ठिपके टाकायचे, ते ठिपके अक्षरातला रंग पुसतात आणि दाणेदार खडू तयार होतो, मग हा कॅनव्हास फळ्यावर ठेवायचा. ठिपके एकदाच तयार करून ठेवा, प्रत्येक कळ दाबल्यावर नवे केले तर टाइप करताना सगळा फळा लुकलुकतो.

तारखेसाठी फारसं काही लिहावं लागत नाही, तारीख देणाऱ्या फंक्शनला भाषा मराठी-भारत सांगितली आणि वार-महिन्याची पूर्ण नावं मागितली की वार, महिना आणि आकडेसुद्धा देवनागरीत येतात.

पाठवायचं बटण नॅव्हिगेटर डॉट शेअरवर चालतं, कॅनव्हासची पीएनजी फाइल करून ती द्यायची, फोनची नेहमीची शेअरची खिडकी उघडते. अशी फाइल पाठवता येते का ते आधी कॅनशेअरने विचारून घ्या, जिथे नाही म्हणतं तिथे डाउनलोडचं बटण दाखवा. ह्याला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित वेब पत्ता, लागतं, म्हणून गिटहब ह्या कोड ठेवायच्या साइटवर रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) करून सेटिंगमधून गिटहब पेजेस चालू करा, फुकट आहे आणि एचटीटीपीएस सोबतच मिळतं. फळ्याचा फोटो दुसऱ्या साइटवरून थेट उचलून वापरला तर फाइल करतानाच सिक्युरिटीचा एरर येऊ शकतो, चित्र स्वतःच्याच रेपोत ठेवा.

झालं की त्या माणसाच्या हातात फोन द्या आणि शेजारी गप्प बसा, काहीच सांगायचं नाही. अप्पांनी पहिल्याच मिनिटात चार ओळींची कविता एंटर मारत लिहिली आणि माझ्या कोडने ते एंटर गिळून सगळं सलग लावलं. ते काही बोलले नाहीत पण परत परत एंटर दाबत राहिले. त्याच रात्री बदललं, आधी एंटरवर तोडायचं, मग रुंदीवर.

आता त्यांना शीर्षकाखाली लाल खडूची दुहेरी रेघ हवीये, शाळेत मारायचे तशी. पहिल्या ओळीची रुंदी मेजरटेक्स्टकडून आधीच मिळालेली आहे, तेवढ्याच रुंदीच्या दोन रेघा ओढायच्या, दर २० पिक्सेलला एक-दोन पिक्सेल वरखाली करायच्या म्हणजे पट्टीने मारल्यासारख्या दिसत नाहीत, आणि शीर्षकात उकार असेल तर रेघ तेवढी खाली सरकवायची.