रिकाम्या आसनासमोर बसताना: अडचणीच्या दिवसांत देवाची सोबत कशी ओळखावी

संकटात आपण हाक मारतो आणि उत्तर येत नाही, तेव्हा देवच नाही असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. ही शंका ज्यांना छळते आहे, त्यांनी आधी बसण्याची जागा ठरवावी, उत्तराचे नंतर पाहावे. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्रमातील प्रार्थना मंदिरात मूर्ती नाही. समोर अधिष्ठान असते आणि ते रिकामे असते. विदर्भातील कितीतरी गावांत दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना होते, तेथेही लोक त्या रिकाम्या आसनाकडे तोंड करूनच बसतात.

घरी ओसरीत किंवा देवघराजवळ घडी केलेले धोतर अंथरावे, त्यावर काहीही ठेवू नये आणि रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे त्यासमोर बसावे. पहिल्या आठवड्यात मनात नुसते हिशेब येतील: सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी, मुलीची फी. ते हाकलू नयेत. एकेक हिशेब हलक्या आवाजात, आकड्यासह सांगावा, कारण मोघम सांगितलेले दुःख छातीवरून उतरत नाही. नवस मात्र इतक्यात बोलू नये. आमच्या घरानेही नवस केले आणि फेडले आहेत, परंतु अट घातली की सारे लक्ष फळाकडे लागते आणि सोबत जाणवायची राहून जाते.

काही वर्षांपूर्वी परतीच्या पावसात आमची सोयाबीनची गंजी तीन दिवस भिजली. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तेव्हा आतून वाफ आली. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले होते आणि हात घातला तर ढीग चुलीजवळच्या भिंतीसारखा तापलेला लागला. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे प्रार्थनेला गेले आणि परत आल्यावर मायला एवढेच म्हणाले, "उद्या वरचा थर अलग करू, जेवढं वाचते तेवढं वाचवू." देवाने त्यांना काय सांगितले, हे मी कधी विचारले नाही, पण जाताना खचलेला माणूस येताना कामाचे बोलत होता, आणि त्या शांत सोबतीची माझ्यापाशी हीच एक खूण आहे. म्हणून स्वप्नाची किंवा कौलाची वाट पाहू नये. आसनासमोरून उठल्यावर पुढचे एक काम हाती घेण्याइतके बळ आले का, एवढे पाहावे.

कपाशी टोबल्यावर पाच-सात दिवस वावर काळेच दिसते. जाणता कास्तकार तेव्हा रोज माती उकरून बी पाहत नाही. मात्र पावसाने पपडी धरली तर ती फोडतो आणि उगवण विरळ झाली तर नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावतो. देवावर भरवसा ठेवून वाट पाहण्याच्या दिवसांतही हातांना असेच काम द्यावे: बँकेत जाऊन विचारावे, पीक विम्याचे काम मुदतीत करावे, औषध चुकवू नये.

देवावर भरवसा म्हणजे एकट्याने सोसणे, असे कोणी सांगत असेल तर ते मुळीच ऐकू नये. झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगावे, दवाखान्यात जावे किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. तो विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आपल्यासाठी धावून येणारा शेजारी देवानेच धाडला, असे आपल्याकडची म्हातारी माणसे मानतात, आणि मलाही ते खरे वाटते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथीला त्याच मिनिटाला मोझरीत जमलेला अफाट जनसमुदाय मौन पाळतो. ज्या संध्याकाळी प्रार्थनेचा एकही शब्द ओठांवर येणार नाही, त्या संध्याकाळी आपणही तेवढेच करावे: आसन अंथरावे, त्यासमोर मुकाट्याने बसावे, मग उठून गोठ्यातल्या जनावरांना पाणी दाखवावे.