व्हिज्युअल कॉर्टेक्स शिकणाऱ्या नवागतांसाठी

रेटिना (डोळ्यातला पडदा), ऑप्टिक कायझ्मा (दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची चौफुली), एलजीएन (थॅलॅमसमधला थांबा) आणि तिथून मेंदूच्या मागच्या भागात कॅल्केराइन सल्कस या खाचेच्या दोन्ही काठांवर पसरलेला व्ही-वन (व्हिज्युअल कॉर्टेक्सचा पहिला भाग) हा क्रम कोकणातून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला पाठ असतो, असे मी गृहीत धरते. घात करते ते ‘डाव्या मेंदूत उजवा डोळा’ हे आयत्या नोट्समधले वाक्य. त्याने मलाही बराच काळ चकवले, आणि म्हणूनच अशा नोट्सविषयी माझे मत आजही बरे नाही.

हे वाक्य साफ चुकीचे आहे. डाव्या व्ही-वनमध्ये पोहोचते ती दोन्ही डोळ्यांना दिसणारी उजवी बाजू. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि क्षितिजावरच्या एखाद्या होडीवर नजर खिळवा. उजवीकडे रत्नदुर्गाचा डोंगर असेल, डावीकडे वाळू. आता नजर न हलवता उजवा डोळा झाका. डोंगर नाहीसा होत नाही, कारण तो डाव्या डोळ्यालाही दिसत असतो. जाते ती अगदी कडेची पट्टी. हा डोंगर डाव्या व्ही-वनमध्ये उमटतो, वाळू उजव्या. आकाश सल्कसच्या खालच्या काठावर, लिंग्वल गायरसमध्ये जाते आणि होडीखालचे पाणी वरच्या काठावर, क्युनिअसमध्ये. होडी इवलीशी असली तरी फोव्हियावर (रेटिनातल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या जागेवर) पडत असल्याने व्ही-वनच्या मागच्या टोकाशी तिला तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी ऐसपैस जागा मिळते. डावा व्ही-वन निकामी झालेल्या रुग्णाने कोणताही एक डोळा झाकला, तरी त्याला उजवी बाजू दिसत नाही. तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारतात.

डोळ्यांची वेगळी नोंद राहतेच, पण ती थरांत. एलजीएनचे १, ४, ६ हे थर विरुद्ध बाजूच्या डोळ्याचे, तर २, ३, ५ त्याच बाजूच्या. व्ही-वनच्या ४सी थरातही दोघांचे पट्टे शेजारी-शेजारी पण निराळे असतात आणि खरी सरमिसळ त्या थराच्या बाहेर होते. ह्यूबेल आणि वीझेल (१९८१चे नोबेल) यांचे ओरिएंटेशन कॉलम (रेघेच्या कलानुसार रचलेले पेशींचे स्तंभ) पहिल्या वाचनात डोक्यावरून गेले तर घाबरू नका. पृष्ठभागाला काटकोनात इलेक्ट्रोड घातला तर वाटेतल्या पेशींना एकाच कलाची रेघ भावते आणि तिरका घातला तर तो कल हळूहळू बदलत जातो, एवढे तूर्त पुरे.

स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांचा तास बुडाला तरी चालेल, पण डिसेक्शनचा बुडवू नका. जेनारी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्याने १७७६ मध्ये पाहिलेली पांढरी रेघ कापलेल्या मेंदूत नुसत्या डोळ्यांनी दिसते. काप उजेडात तिरका धरून ती शोधा, कारण जिथे ती संपते तिथेच व्ही-वनची हद्द संपते.