थंडीतली कोळंबी: या चुका टाळा

निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पारा ५-६ अंशांवर उतरला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. शेजारच्या शेततळ्यातल्या कोळंबीकडे मात्र कोणी फिरकत नाही. मर लागते ती पुढच्या आठवड्यात, चांगले ऊन पडल्यावर. मग दोष बियाण्याला, म्हणजे तळ्यात सोडलेल्या पिल्लांना!

कोळंबीचे अंग पाण्याइतकेच गार होते. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला साधारण २६ ते ३१ अंश मानवतात. २० च्या खाली ती खाणे सोडते. तिच्या रक्तात तांबड्या पेशी नसतात. प्राणवायू वाहते ते तांबेयुक्त हिमोसायनिन, म्हणून रक्त निळसर. ज्या पेशी असतात त्या राखणदार. जंतू गिळायचे, जखमेवर रक्त गोठवायचे. गारठ्यात त्या घटतात, उरलेल्या सुस्तावतात. आपल्यासारखी प्रतिपिंडे तिच्याकडे नाहीत, त्यामुळे तळ्यातल्या नेहमीच्याच जंतूंचे फावते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुपारी काठावर थर्मामीटर बुडवणे. पहाटे सहाला मोजा, तेही तळाचे पाणी. थर्मामीटर वजन बांधलेल्या बाटलीत ठेवून दोरीने खाली सोडा, पाच मिनिटांनी पाण्यासकट वर ओढा. नुसताच ओढला तर वर येईपर्यंत आकडा बदलतो.

खाद्य जुन्याच मापाने टाकू नका. चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाणे बघायला तळ्यात सोडलेल्या ताटात, उरले की माप कमी करा. कुजलेल्या खाद्याचा अमोनिया याच राखणदार पेशींवर उठतो. बोअरचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते खरे, पण त्यात प्राणवायू कमी. उंचावरून पाडून, थोडे थोडे सोडा. एकदम ऊब दिली तर तोही धक्काच.

या पेशी मोजायला कोळंबीचे रक्त तपासतात, त्यात तर गंमतच होते. कोरडी सिरिंज टोचली की रक्त आतच गोठते, पेशी एकमेकींना चिकटतात आणि अहवालात पेशींचा आकडा उगाच कमी येतो. सिरिंजमध्ये आधी सोडियम सायट्रेटचे द्रावण हवे. नुकतीच कात टाकलेली कोळंबी नमुन्याला घेऊ नका, कात टाकताना हा आकडा तसाही हलतो. आणि एकट्या आकड्यावर जाऊ नका. ऑक्टोबरात, पाणी उबदार असताना, त्याच तळ्याची मोजणी करून ठेवली असेल तरच तुलना होते.

अहवाल हातात पडताच अँटिबायोटिक ओतणारेही आहेत. त्याने पेशी वाढत नाहीत. त्यापेक्षा ऊन पडल्यावरही आठ-दहा दिवस जाळे टाकू नका, विरळणी पुढे ढकला आणि चेक ट्रे रोज उचलून बघा.