दोन प्रोसेसर घरच्या घरी कसे ताडून पाहावेत: वेग, वॅट आणि विजेचा खरा हिशेब

खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचून प्रोसेसर निवडणाऱ्यांना एकच विनंती: तो आकडा विसरा. एएमडीचा ‘१०५ वॅट’वाला रायझन ७ ७७००एक्स प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. इंटेलचा ‘१२५ वॅट’वाला कोअर आय५-१३६००के १८१ वॅटपर्यंत जातो. दोन्ही कंपन्यांनी हे आकडे आपापल्या व्याख्येने ठरवलेत, आणि ते शेजारी शेजारी ठेवून तुलना करावी असा त्यांचा हेतू कधीच नव्हता. तरी दुकानदार ठेवतो, यूट्यूबवाला ठेवतो, आणि गिऱ्हाईक ‘हा कमी वीज खातो’ म्हणत पैसे मोजतं.

मी ओळखीच्या लोकांना आणि लहान एडिटिंग स्टुडिओंना मशीन जुळवून देतो. त्यामुळे ‘यातला कुठला घेऊ?’ हा प्रश्न रोजचाच. खाली हेच दोन प्रोसेसर उदाहरणाला घेतलेत. दोन्ही २०२२च्या शरदात बाजारात आले, दोन्ही एकाच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून. रीत मात्र कुठल्याही जोडीला चालेल.

पायरी १: काम ठरवा

तुमचं स्वतःचं काम घ्या. व्हिडिओ करत असाल तर हँडब्रेकमध्ये तीच एक फाइल, थ्रीडी करत असाल तर ब्लेंडरचा तोच सीन, प्रोग्रामर असाल तर तुमच्याच प्रोजेक्टचं पूर्ण कंपाइल. सोबतीला सिनेबेंच ही रेंडरचा वेग मोजणारी चाचणी ठेवा, पण दहा मिनिटांच्या फेरीवर. गीकबेंच ही दुसरी चाचणी वाईट नाही, मात्र त्यात छोट्या छोट्या चाचण्या थांबत थांबत होतात, त्यामुळे चिप तापायच्या आतच निकाल हातात येतो. दिवसभर रेंडर लावणाऱ्याला त्याचा उपयोग कमी.

गेमिंगसाठी पाहत असाल तर ती चाचणी वेगळी करा. गेममध्ये प्रोसेसर रेंडरच्या मानाने बरीच कमी वीज घेतो, त्यामुळे रेंडरचे वॅट बघून गेमिंगचा निवाडा करू नका.

पायरी २: बाकी सगळं सारखं करा

तीच पॉवर सप्लाय, तोच कूलर, तेच ग्राफिक्स कार्ड, तीच एसएसडी, विंडोजचा तोच पॉवर प्लॅन. रॅमही तीच हवी. ७७००एक्सला फक्त डीडीआर५ ही नवी रॅम चालते, १३६००केला आधीच्या पिढीची डीडीआर४ही चालते, आणि एकीकडे डीडीआर४ लावून केलेल्या तुलना इंटरनेटवर ढिगाने सापडतात.

खोलीचं तापमान लिहून ठेवा. परदेशी रिव्ह्यू बहुतेक एसीच्या खोलीत होतात. आपल्याकडे एप्रिलमधली पुण्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत सहज वीस अंशांचा फरक असतो. चिप जास्त तापली की तिच्यातली विजेची गळती वाढते, म्हणजे तेच काम ती थोडी जास्त वीज खाऊन करते, वर पंखे जोरात फिरतात ते वेगळंच. दोन्ही मशीन एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजा. एक आज आणि दुसरं पुढच्या महिन्यात, असं नको.

पायरी ३: विजेची मर्यादा बांधा

सगळी गफलत इथे होते, आणि मीही बराच काळ इथेच अडकलो होतो. तेच प्रोसेसर, तेच काम, तरी दोन मदरबोर्डांवर आकडे जुळेनात. कारण ‘स्टॉक सेटिंग’ म्हणजे कंपनीची मूळ मांडणी, या गोष्टीवर माझा विश्वास होता. अशी एक गोष्ट नसतेच.

इंटेलच्या बाजूला दोन मर्यादा असतात. पीएल२ म्हणजे थोडा वेळ चालणारी वरची मर्यादा, पीएल१ म्हणजे कायमची, आणि वरून खाली कधी यायचं ते टाऊ नावाची वेळ ठरवते. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात कित्येक मदरबोर्ड वर्षानुवर्षं या मर्यादा ४०९६ वॅट अशा भरून पाठवत होते, म्हणजे मर्यादा नाहीच. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेल चिप अस्थिर होऊ लागल्या. मूळ दोष व्होल्टेजचा निघाला, पण त्या गोंधळातच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ हा पर्याय ठळकपणे आला. त्याआधीचा कुठलाही रिव्ह्यू वाचताना त्या माणसाने मर्यादा तपासल्या होत्या का, ते आधी बघा. लिहिलं नसेल तर विजेचे आकडे सोडून द्या.

एएमडीच्या बाजूला पीपीटी ही मर्यादा. डेस्कटॉप रायझनमध्ये ती साधारणपणे टीडीपीच्या, म्हणजे खोक्यावरच्या वॅटच्या, १.३५ पट असते: ६५चे ८८, १०५चे १४२, १७०चे २३०. पीबीओ, म्हणजे मर्यादा सैल करून वेग वाढवणारा एएमडीचा पर्याय, चालू असेल तर हेही वाऱ्यावर. तो बंद करा.

आता माझं ठाम मत. फॅक्टरी सेटिंगवर दोन चिप ताडून पाहणं म्हणजे चिप ताडणं नव्हेच. दोन कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांनी कुठे थांबायचं ठरवलं, ते ताडणं आहे. घड्याळाचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेची खेच व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. त्यामुळे शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी विजेचा खर्च बेसुमार वाढतो. ऐंशीच्या वेगाने दामटलेल्या आणि पन्नासच्या वेगाने चालवलेल्या स्कूटरच्या मायलेजची तुलना कोणी करत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र राजरोस चालते.

‘पॉइंट्स पर वॅट’ची, म्हणजे दर वॅटमागे चाचणीत किती गुण या आकड्याची, फसवणूक इथूनच येते. कुठलीही चिप जरा खाली ओढा, तिचे पॉइंट्स पर वॅट सुधारतात. मग खालच्या मर्यादेवरचा रायझन आणि मोकाट सोडलेला इंटेल शेजारी ठेवून ‘एएमडी दुप्पट कार्यक्षम’ असा मथळा देणं सोपं, आणि जोडी उलट निवडून इंटेललाही जिंकवता येतं. दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

म्हणून हे करा. बायोसमध्ये दोन्ही प्रोसेसरांना आधी ८८ वॅटवर बांधा, मग १४२ वर, मग कंपनीच्या अधिकृत कमाल मर्यादेवर. इंटेलवर पीएल१ आणि पीएल२ दोन्ही एकच आकडा ठेवा, म्हणजे टाऊची कटकट संपते. रायझनवर पीपीटी हाताने भरा. ६५ वॅटचा इको मोड (कमी विजेचा तयार पर्याय) दिला तरी ८८च मिळतात. जमलं तर मध्ये ११० किंवा १२०चा आणखी एक टप्पा घ्या.

एक लक्षात ठेवा, मर्यादा म्हणजे खेच नव्हे. १४२ची परवानगी दिली म्हणून ७७००एक्स १४२ ओढेलच असं नाही. तापमान ९५ अंशांना टेकलं तर तो आधीच हात आखडता घेतो. हे ९५ अंश त्या पिढीत मुद्दाम ठेवलेलं लक्ष्य आहे, ते बघून घाबरून कूलरखालची पेस्ट बदलत बसू नका. प्रत्यक्ष खेच पायरी ४ मधल्या लॉगमधूनच घ्यायची.

हे टप्पे कागदावर मांडले, आडवे वॅट आणि उभा वेग, की प्रत्येक चिपची एक वक्ररेषा मिळते. आता दोनच प्रश्न विचारा. तेवढ्याच विजेत कोण पुढे? आणि तेवढाच वेग द्यायला कोण कमी वीज घेतं? तिसऱ्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत असेल तर तो काहीतरी विकतोय.

पायरी ४: मोजा

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ दर सेकंदाला फाइलमध्ये उतरवा. लिनक्सवर टर्बोस्टॅट आहे, किंवा पर्फमधला पॅकेजच्या ऊर्जेचा काउंटर. त्याला रूटची, म्हणजे अ‍ॅडमिनची, परवानगी लागते. प्रत्येक फेरी तीनदा करून मधला आकडा घ्या. तिन्हींत तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर मागे अपडेट चालू आहे का, ते बघा.

सॉफ्टवेअरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून भरवसा नको. तो मदरबोर्डने दिलेल्या माहितीवर अवलंबून असू शकतो. २०२० मध्ये एचडब्ल्यूइन्फोने रायझनसाठी ‘पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन’ नावाचा एक नवा आकडाच जोडला, कारण काही एएम४ (तेव्हाच्या रायझनच्या सॉकेटचे) बोर्ड प्रोसेसरला खरा करंट कमी करून सांगत होते. म्हणजे चिप बिचारी ‘मी मर्यादेत आहे’ असं समजून जास्त ओढत होती. म्हणून भिंतीच्या सॉकेटवर वॅटमीटर हवाच.

तो मीटर खरे वॅट दाखवणारा घ्या. नुसता करंट मोजून २३० ने गुणणारा नको. आणि युनिटचा आकडा वाचताना जपा. स्वस्त मीटर ०.०१ युनिटच्या पायरीने चढतो. ०.०१ युनिट म्हणजे ३६,००० ज्यूल. दोन मिनिटांचं रेंडर कधी कधी त्याच्या निम्मीही ऊर्जा घेत नाही, म्हणजे काम उरकलं तरी मीटर हललेला नसतो. काम तासभर पुन्हा पुन्हा चालवा, एकूण युनिट घ्या, फेऱ्यांनी भागा.

पायरी ५: वॅट सोडा, ज्यूल काढा

वॅट म्हणजे त्या क्षणाची खेच. काम उरकायला एकूण किती लागलं ते ज्यूलमध्ये कळतं: सरासरी वॅट गुणिले सेकंद. समजा पहिली चिप २०० वॅटने १०० सेकंदांत काम संपवते, म्हणजे २०,००० ज्यूल. दुसरी १२० वॅटने १३० सेकंद घेते, १५,६०० ज्यूल. दुसरीने २२ टक्के वाचवले. बहुतेक लेख इथेच संपतात.

पण मशीनमध्ये नुसता प्रोसेसर नसतो. बाकीचा संसार, म्हणजे बोर्ड, रॅम, कार्ड, पंखे, मॉनिटर, समजा ६० वॅट खातो. मग हिशेब २६,००० विरुद्ध २३,४०० होतो, बचत १० टक्क्यांवर येते. दोन मोठे मॉनिटर आणि डिस्कनी भरलेला स्टुडिओचा सेटअप असेल, बाकीचं १५० वॅट असेल, तर ३५,००० विरुद्ध ३५,१००. बचत गेली! सावकाश चिप बाकीच्या सगळ्यांना तीस सेकंद जास्त जागं ठेवते, त्याचं बिल कोणी लावत नाही. म्हणून चिपचे ज्यूल आणि भिंतीवरचे ज्यूल दोन्ही लिहा. पहिले चिपची पारख करायला, दुसरे खरेदी ठरवायला.

पायरी ६: रिकामं बसलेलं मशीन

मशीन चालू करा, दहा मिनिटं थांबा, ब्राउझर बंद ठेवून भिंतीवरचे वॅट वाचा. मग रोजचे टॅब उघडून पुन्हा वाचा.

एवढंच करायचं, पण चुकवू नका. ७७००एक्ससारख्या चिपलेट रायझनमध्ये, म्हणजे तुकड्यांनी जोडलेल्या चिपमध्ये, गाभे (कोअर) एका तुकड्यावर आणि मेमरीचं-जोडणीचं काम दुसऱ्या तुकड्यावर असतं. त्या दोघांमधला रस्ता रिकाम्या वेळीही जागा राहतो. म्हणून रेंडरमध्ये काटकसरी ठरलेला डेस्कटॉप रायझन नुसतं बसल्या बसल्या इंटेलपेक्षा जास्त खातो, हे नेहमीचं दृश्य आहे. समजा हा फरक १५ वॅटचा आहे आणि मशीन रोज आठ तास ईमेल-एक्सेलवर बसलंय. दिवसाला १२० वॅट-तास, म्हणजे ४,३२,००० ज्यूल. वरच्या उदाहरणात एका रेंडरमागे ४,४०० ज्यूल वाचत होते. ही भरपाई करायला दिवसाला साधारण ९८ रेंडर लागतील. ऑफिसच्या मशीनसाठी रेंडरचे तक्ते दाखवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

रुपयांत म्हणाल तर वर्षाच्या ३०० दिवसांचे ३६ युनिट. दहा रुपये युनिट धरला तर ३६० रुपये. एका मशीनसाठी किरकोळ, चाळीस मशीनच्या ऑफिससाठी नाही. एकट्या माणसाने बिलापेक्षा उष्णता आणि आवाजाकडे बघावं. १०० वॅट जास्त ओढणारी चिप ते सगळे १०० वॅट मे महिन्यात तुमच्याच खोलीत सोडते.

लॅपटॉप असेल तर

वरचं बरंच गळून पडतं, कारण मर्यादा लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि बायोसमध्ये आपल्याला सहसा हात लावू देत नाही. कोअर अल्ट्रा ७ १५५एच कागदावर २८ वॅटचा, टर्बोत (थोडा वेळ पूर्ण जोर लावताना) ११५ पर्यंत; रायझन ७ ७८४०यू १५ ते ३० वॅटमध्ये कुठेही बसवता येतो. एकाच नावाची चिप पातळ मशीनमध्ये वेगळी आणि जाड मशीनमध्ये वेगळी वागते. तिथे चिपची नव्हे, त्या मॉडेलची तुलना करा: चार्जरवर एकदा, बॅटरीवर एकदा, सलग अर्धा तास.

पायरी ७: नोंद

निकालाशेजारी बायोसची आवृत्ती, मर्यादा, रॅमचा वेग, खोलीचं तापमान आणि तारीख लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवायचा आकडा सहा महिन्यांनी कचरा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ७ ९७००एक्स ६५ वॅटवर आला आणि थोड्याच आठवड्यांत बायोस अपडेटमधून त्याला १०५ वॅटचा अधिकृत पर्याय मिळाला. त्याच ऑगस्टमध्ये इंटेलने तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी व्होल्टेजला लगाम घालणारा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांचा अपडेट, दिला. अशा अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका तक्त्यात बसत नाहीत. बायोस बदललात तर जुन्या ओळीवर काट मारा आणि पायरी ३ पासून पुन्हा मोजा.