छोट्या कारचे ब्रेक बदलायचेत? आधी मोजा, मग पैसे ठरवा

वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशा छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. म्हणून मेकॅनिक "ब्रेक गेलेत, बदलावे लागतील" म्हणाला की लगेच विचारा: काय बदलायचं? पुढचे पॅड (डिस्कला दोन्हीकडून दाबणारे), मागचे शू (ड्रमला आतून दाबणारे), की डिस्कसुद्धा (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती)? ही तीन वेगळी कामं आहेत. बिल अडीच हजारांत मिटणार की दहा हजारांकडे सरकणार, ते या उत्तरावर ठरतं.

१. चाक काढायला लावा आणि वाकून बघा

नव्या पॅडवर साधारण १० मिमी मटेरियल असतं. ते ३ मिमीवर आलं की पॅड बदलायचे. बाहेरचा पॅड चटकन दिसतो, पण आतलाही बघा. एक पॅड जाड आणि दुसरा संपलेला असेल, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना जाम झाल्याची शंका घ्या. आपल्याकडे याला निमित्त लागत नाही. पिनांवरचं रबर फाटलं की उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल थेट आत जातो. पिना साफ करून ग्रीस लावायला दोन-तीनशे रुपये जातात. तेवढं टाळून नुसते पॅड टाकले, तर नवे पॅडही तसेच एका बाजूने झिजतील.

ब्रेक दाबल्यावर बारीक चीं आवाज येत असेल तर थोडा वेळ आहे. बऱ्याच पॅडना झीज कळावी म्हणून पत्र्याची जीभ लावलेली असते. खर्र-खर्र येत असेल तर मात्र गाडी उभी करा. लोखंडावर लोखंड घासतंय, आणि पॅडचा खर्च डिस्कपर्यंत चाललाय.

२. प्रत्येक कामाचा भाव वेगळा विचारा

मॉडेल आणि गावाप्रमाणे आकडे हलतात, पण अंदाज असा: पुढच्या पॅडचा सेट १,२०० ते २,२०० रुपये, मागच्या शूचा सेट ८०० ते १,५००, डिस्कची जोडी ३,००० ते ५,०००. मजुरी गल्लीतल्या गॅरेजला पॅडसाठी तीन-चारशे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्याच्या दुप्पट किंवा थोडी जास्त. पॅड आणि शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.

३. डिस्कवर अडून बसा

बिल फुगतं ते इथेच. डिस्कवर किंवा तिच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिकला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून समोर मोजायला सांगा. जाडी पुरेशी असेल आणि फक्त बारीक रेषा पडल्या असतील, तर डिस्क बदलायची गरज नाही. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क लेथ मशीनवर हलकी घासून काम भागू शकतं, पण त्यानंतरही जाडी त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. त्याखाली गेली असेल तर घासाघीस करू नका, नवी जोडी टाका.

४. पार्ट कुठून घ्यायचा

माझं मत विचाराल तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला कामानिमित्त जाणं होतच असेल, तर कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवरून पॅड आणा आणि बसवायला आपला नेहमीचा मेकॅनिक. ओरिजिनल नको असतील तर बॉश, टीव्हीएस गर्लिंग, राणे यांचेही चालतात. निनावी खोक्यातले तीनशे रुपये वाचवणारे पॅड मात्र नकोत. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे.

पाकिटावरची एमआरपी वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे पूर्वी करासह १,२८० ला मिळणारा पार्ट त्याच मूळ किमतीला १,१८० ला बसतो. जुना स्टॉक जुन्याच छापील भावाने गळ्यात मारत असतील तर बोला. पक्कं बिल घ्या.

५. ब्रेक ऑइल

पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप खाली येते. बदलण्याआधी वरून भरू नका. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला की ऑइल बाहेर सांडतं आणि रंग खातं. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, पाइपमधली हवा काढून. पाच-सहाशे रुपयांत होतं. झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ हा ग्रेडच टाका.

६. गॅरेजमधून निघताना

जुने पॅड मागून घ्या, मोजून बघा. ड्रममधली धूळ हवेने उडवू देऊ नका, ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबून कडक झालंय याची खात्री करा. पहिल्या दाबाला ते सरळ खाली जातं. हँडब्रेकही ओढून बघा, मागचे शू बदलल्यावर तो जुळवावा लागतो.

मग पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हळूहळू आणि आधीपासून मारायचे, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जायचा बेत असेल, तर तो या किलोमीटरांनंतर ठेवा.