नवी मोटरबोट ताब्यात घेताना

इंजिनाची वॉरंटी इंजिन कंपनीची, फायबरच्या होडीची ती बांधणाऱ्याची. बिघाड झाला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि डीलर मधल्यामध्ये हात झटकतो. म्हणून दोन्ही कार्डं वेगळी मागा, त्यांवर इंजिन नंबर, विक्रीची तारीख आणि शिक्का तिथेच घ्या.

पूर्ण पैसे देण्याआधी बोट पाण्यात उतरवायला लावा. शोरूममध्ये सगळ्याच बोटी छान दिसतात! अर्धा तास चालवा. आउटबोर्डमधून, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनातून, थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सतत पडते ना, बघा. ती तुटली तर इंजिन लगेच बंद करा. मग फळ्या उचलून तळ हाताने चाचपा. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं, तिथल्या बोल्टांभोवती ओल किंवा केसासारखी चीर दिसली, तर फोटो काढून डीलरला लेखी कळवा, फोनवर नको.

पहिली सर्व्हिस बऱ्याच आउटबोर्डना साधारण २० तासांवर असते. ती चुकली तर वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं, तेव्हा चालवलेले तास वहीत टिपा.

दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रारीची मुदत २ वर्षं. बोट पर्यटन व्यवसायासाठी घेतली असेल, तर ती स्वतःच्या पोटापाण्यासाठी आहे हे दाखवावं लागतं.